डायलिसिस चालू असताना व्हिटॅमिन डीची पुडी द्यावी का?

प्रश्न
माझ्या बाबांचे गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांचे व्हिटॅमिन डी ११ आले. ओळखीच्या औषध दुकानदारांनी ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला दुधातून द्यायला सांगितले आहे. मात्र नेफ्रॉलॉजिस्टनी (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी) लिहून दिलेली कॅल्सिट्रिऑलची ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल आधीपासूनच चालू आहे. हाडे दुखत असल्याने रात्री कूस बदलतानाही बाबा कण्हतात, त्यामुळे पुडी आजच सुरू करावी असे आईचे म्हणणे आहे. दोन्ही औषधे एकत्र चालतात का?

प्रतिसाद १
ही दोन्ही औषधे एकच नव्हेत. पुडीतल्या कोलेकॅल्सिफेरॉलवर (व्हिटॅमिन डीच्या कच्च्या रूपावर) आधी यकृतात प्रक्रिया होते आणि शेवटची प्रक्रिया मुख्यतः मूत्रपिंडात होते. आपल्याला आलेला ११ हा आकडा मधल्या, यकृतातून बाहेर पडलेल्या रूपाचा आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर शेवटची पायरी जवळजवळ थांबते, म्हणून कॅल्सिट्रिऑल हे तयार रूप दिले जाते, तेही प्रामुख्याने वाढलेले पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचे, हाडांतून कॅल्शियम ओढणारे संप्रेरक) खाली आणण्यासाठी. त्यामुळे कॅप्सूल कितीही नियमित घेतली तरी ११ हा आकडा वाढणार नाही. कमतरता भरून काढायला काही डॉक्टर पुडीही देतात, परंतु कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच पाहूनच. हे तीन आकडे आपण लिहिलेले नाहीत, आणि हाडांच्या दुखण्याचा उलगडा बहुधा त्यांतूनच होईल. दुधातही फॉस्फरस भरपूर असतो, हे आईंना अवश्य सांगा.

प्रतिसाद २
मी स्वतः सात वर्षे डायलिसिसवर आहे. एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर मी कॅप्सूल चालू असतानाच पुड्या आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, डॉक्टरांना विचारले नाही. दोन महिन्यांत मळमळ आणि बद्धकोष्ठता सुरू झाली, अंगाला इतकी खाज सुटली की पाठीवर ओरखडे उठले, कॅल्शियम वाढून ११.६ निघाले आणि सगळे बंद करावे लागले. जादा कॅल्शियम आणि फॉस्फरस रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत जाते, तो धोका बाहेरून दिसत नाही. कृपया पुडी आपल्या मनाने सुरू करू नका.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज फाइल काढून पाहिली: कॅल्शियम ८.९, फॉस्फरस ६.८, पीटीएच ९४०; शेवटचे दोन्ही वाढलेले. फॉस्फरस कमी ठेवणारी गोळी बाबा जेवणानंतर तासाभराने घेत होते, ती जेवतानाच घ्यायची असते हे डायलिसिसच्या सिस्टरांकडून आज कळले. पुड्या तशाच कपाटात ठेवल्या आहेत. गुरुवारी फाइल घेऊन डॉक्टरांना भेटणार आहोत.