मदत हवी आहे: भावाला विल्सन्स डिसीज, बहिणीची कोणती तपासणी करावी?

माझ्या धाकट्या भावाला (वय २३) नुकतंच विल्सन्सचं (शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) निदान झालं. हात थरथरायचे, अक्षर पार बिघडलं, बोलणं जड झालं. बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसलं तेव्हा उलगडा झाला. आता पेनिसिलामाइन (साठलेलं तांबं बाहेर काढणारं औषध) चालू, तांब्याच्या हंड्यातलं पाणी बंद.

प्रश्न सगळ्यात धाकट्या बहिणीचा आहे. वय १९, ठणठणीत. पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या तेवढ्या घेते. डॉक्टरांनी भावंडांच्या तपासण्या सांगितल्यात, पण आत्या म्हणते, हे मुलग्यांचं दुखणं, पोरीला कशाला सुया टोचता? आईची खरी धास्ती वेगळीच: फाइल झाली की स्थळं येणार नाहीत.

मी वाचलं ते असं. दोष एटीपी७बी जनुकात, तो १३व्या गुणसूत्रावर. म्हणजे हिमोफिलियासारखी (रक्त न गोठण्याचा, बहुतेक मुलग्यांना होणारा आजार) एक्स गुणसूत्राची भानगड नाही. आईबाबा दोघंही वाहक (दोष एकाच प्रतीत, स्वतःला आजार नाही), त्यामुळे प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता, मुलगा असो वा मुलगी. (आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. असो.) पण आजाराचं रूप बदलतं. पोलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात पुरुषांना मेंदूची लक्षणं जास्त आढळली, बायकांना यकृताची. यकृत अचानक निकामी होणंही तरुण मुलींमध्येच जास्त, आणि तिथवर गेलं की बहुधा प्रत्यारोपणच. बहिणीचे हात थरथरायची वाट बघत बसलो तर?

नुसतं सेरुलोप्लास्मिन (रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन) तपासलं तर चालेल का? ते नॉर्मल आलं की घरातले शांत होतील.

प्रतिसाद १
नाही चालणार. इस्ट्रोजेनमुळे सेरुलोप्लास्मिन वाढतं, त्यामुळे त्या गोळ्यांवर ते फसवं नॉर्मल येऊ शकतं. गोळ्यांचं नाव डॉक्टरांना आधी सांगा. उलट नुसत्या वाहकातही ते कमी येऊ शकतं. २४ तासांच्या लघवीतलं तांबं (बाटली लॅबचीच घ्या), लिव्हर फंक्शन, स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांचं दुर्बिणीसारखं यंत्र) डोळे, हे सगळं करा. भावाच्या जनुकातले दोष सापडले असतील तर बहिणीत तेवढेच शोधायचे, सगळ्यात स्पष्ट उत्तर त्यातूनच मिळतं. आणि तुमचं काय? तुम्हीही सख्ख्याच ना?

प्रतिसाद २
माझ्या मुलीला आहे. लक्षणांआधीच सापडलं, झिंकवर आहे, कॉलेजला जाते. आईंना सांगा, उपचार चालू असलेल्या बायकांची बाळंतपणंही नीट होतात. फक्त गरोदरपणात औषध मनाने बंद करायचं नाही.

धागाकर्ती
पाकीट बघितलं, एथिनिल इस्ट्रॅडिओल आहे, म्हणजे इस्ट्रोजेनच. लॅबमधून दोघींसाठी बाटल्या आणतेय. आत्याला तूर्तास काही सांगणार नाही.