सीओपीडीवाल्यांना व्हायब्रेशन प्लेट चालते का?

सांगलीकर: बाबांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागतो तो फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, सिव्हियर, बाथरूमपर्यंत गेले तरी धाप लागते, जिमवाला म्हणतो थरथरत्या प्लेटवर नुसतं उभं राहा, खरंच फायदा होतो का?

फिजिओताई: नुसतं उभं राहून नाही हो, त्यावर स्क्वॉट्स करायचे असतात, प्लेट हलली की मांडीचे स्नायू आपोआप आवळतात आणि त्या मानाने दम फार लागत नाही. जर्मनीत 2012 च्या ट्रायलमध्ये 24-26 हर्ट्झवर (म्हणजे प्लेट सेकंदाला 24-26 वेळा हलते) तीन-तीन मिनिटं करून घेतलं, 3 आठवड्यांत पेशंट जास्त चालायला लागले, पण बाकीचं रिहॅबही (नेहमीचे व्यायाम वगैरे) चालूच होतं बरं का.

मामा६२: पायात रक्ताची गुठळी, ताजं फ्रॅक्चर असलं तर अजिबात नको. आणि जिमवाल्याला काय विचारता, छातीच्या डॉक्टरांना विचारा!

सांगलीकर: गुडघे दुखतात त्यांचे, जमेल?

फिजिओताई: कठडा धरून थोडंसंच वाकायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावून.