रॉड कडक हवा, पण कुठल्या बाजूला?
स्कोलिओसिसच्या, म्हणजे बाजूला वाकलेल्या पाठीच्या कण्याच्या, शस्त्रक्रियेत कणा सरळ करायला त्याच्या दोन्ही बाजूंना धातूचे रॉड स्क्रूंनी बसवतात. त्याबद्दल "कोबाल्ट-क्रोम (कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू) कडक, म्हणून दोन्ही बाजूंना तोच घाला" असा सूर दिसतो. अर्धंच बरोबर आहे.

कडकपणा धातूइतकाच जाडीवर ठरतो, आणि तोही व्यासाच्या चौथ्या घातात. म्हणजे ५.५ ऐवजी ६ मिमीचा रॉड घेतला तर त्याच धातूत साधारण ४०% वाढ. टायटॅनियमचा लवचिकता गुणांक (जितका मोठा तितका धातू ताठ) ११० गिगापास्कलच्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. टायटॅनियम वाकवला की थोडा परत उलगडतो; शिवाय बेंडरचे (रॉड वाकवायच्या अवजाराचे) व्रण पडले की तिथूनच थकव्याचा, म्हणजे वारंवारच्या ताणाचा, तडा जातो. एकाच जागी पुढे-मागे वाकवणं तर टाळाच.

खरी सुधारणा बहुतेकदा वक्राच्या आतल्या, म्हणजे अंतर्वक्र बाजूच्या रॉडवर होते. तो कडक घ्या आणि हव्या त्या कायफोसिसपेक्षा (पाठीच्या मागच्या बाजूच्या नैसर्गिक बाकापेक्षा) थोडा जास्त वाकवा; बाहेरचा कमी वाकवलेला, हवा तर टायटॅनियमचा. टायटॅनियमच्या स्क्रूंबरोबर कोबाल्ट-क्रोम चालतो, स्टील मात्र मिसळू नये, गंजाचा धोका.

कडक रॉड ताणाखाली सरळ होत नाही तेव्हा तो ताण स्क्रूवर येतो आणि स्क्रू उपटतो. वक्राच्या शिखराजवळ आतल्या बाजूचे पेडिकल (मणक्याचा हाडाचा दांडा, ज्यातून स्क्रू जातो) अरुंद, मज्जारज्जूही तिथेच चिकटलेला. स्क्रू बसत नसेल तर हट्ट नको. हुक किंवा लॅमिनाखालून (मणक्याच्या मागच्या हाडाच्या पट्टीखालून) बँड घ्यावा.

पुढे एमआरआय लागण्याची शक्यता असेल तर टायटॅनियमची प्रतिमेतली छाया सर्वांत कमी, स्टीलची सर्वांत त्रासदायक. निकेलची अॅलर्जी आहे का, हे रुग्णाला आधीच विचारा.