पुढच्या प्रवाशाने सीट मागे केली, तर ती जागा नेमकी कोणाची?

सहाफुटी

माझी उंची सहा फूट दोन इंच असल्यामुळे विमानात पुढची सीट सरळ असतानाच माझे गुडघे तिच्या पाठीला टेकलेले असतात. अलीकडे दिवसाच्या एका प्रवासात मी ट्रे उघडून लॅपटॉपवर काम करीत असताना पुढच्या गृहस्थांनी मागे न पाहता एका झटक्यात सीट मागे केली. पडद्याची वरची कड ट्रेच्या खाचेत अडकून करकरली. मी लॅपटॉप वेळीच ओढून घेतला म्हणून तो वाचला. सीट थोडी पुढे घेण्याची विनंती केली, तेव्हा ‘बटण दिले आहे ते वापरण्यासाठीच ना?’ एवढेच उत्तर मिळाले, आणि हवाई सेविकेनेही, जेवण येईपर्यंत त्यांना तसे सांगता येणार नाही, असे नम्रपणे कळवले.

माझ्या गुडघ्यांपुढची ही जागा नियमाने कोणाची आहे? आणि नियम त्यांच्या बाजूने असेल, तर मागे बसणाऱ्याने किमान कोणत्या वागणुकीची अपेक्षा ठेवणे रास्त ठरते?

कंबरपट्टा

मला मणक्याचा त्रास आहे आणि फार वेळ ताठ बसले की कमरेतून कळ निघते, त्यामुळे मी सीट मागे करते आणि त्यात मला गैर वाटत नाही. आपल्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे, परंतु आपला राग चुकीच्या माणसावर निघतो आहे. दोन रांगांमधले अंतर, म्हणजे एका सीटवरील ठरावीक बिंदूपासून मागच्या सीटवरील त्याच बिंदूपर्यंतचे माप, इकॉनॉमीत पूर्वी 34-35 इंचांपर्यंत असे. आज ते पुष्कळ ठिकाणी 30-31 इंच आणि काही स्वस्त कंपन्यांमध्ये 28 इंचांवर आले आहे. ही जागा कंपनीने काढून घेतली, पुढच्या प्रवाशाने नव्हे. शिवाय आपल्यालाही बटण दिलेले होतेच.

आडवातिडवा

‘आपल्यालाही बटण आहे’ हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. मी सीट मागे केल्याने माझ्या गुडघ्यांना एक इंचही जास्त मिळत नाही. फक्त माझी अडचण माझ्या मागच्याच्या अंगावर जाते आणि रांगेच्या शेवटी, ज्याची सीट बहुधा मागे जातच नाही, त्याच्यापाशी ती थांबते.

नोंदवही

मूळ प्रश्न हक्काचा आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कंपनी पुढच्याला मागे रेलण्याची सोय विकते आणि मागच्याला ट्रे व गुडघ्यांसाठीची जागा विकते. मात्र हवेतला तो चार-पाच इंचांचा तुकडा एकच असतो. एकच वस्तू दोघांना विकून भांडण मात्र त्यांच्यावर सोपवायचे, असा हा व्यवहार आहे, आणि नियम संदिग्ध ठेवण्यात कंपनीचा फायदाच असल्याने तो स्पष्ट होत नाही.

2003 मध्ये ‘नी डिफेंडर’ नावाची प्लास्टिकची छोटी पाचर बाजारात आली. ती ट्रेच्या दांड्यांवर बसवली की पुढची सीट मागे येऊ शकत नसे. ऑगस्ट 2014 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नेवार्क-डेन्व्हर विमानात एका प्रवाशाने ती वापरली, पुढच्या बाईंनी चिडून त्याच्यावर पाणी फेकले, आणि विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढण्यात आले. गंमत अशी, की दोघेही जास्तीचे पैसे मोजून मिळणाऱ्या, चार इंच अधिक जागेच्या सीटवर बसलेले होते!

त्याच वर्षी बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या अमेरिकेतील दोन विधी-प्राध्यापकांनी लोकांना ऑनलाइन प्रश्न विचारले. रेलण्याचा हक्क पुढच्याचा आहे असे धरले, तर तो सोडण्यासाठी पुढच्यांना सरासरी 41 डॉलर हवे होते आणि मागचे 18 डॉलरच द्यायला तयार होते. हक्क मागच्याचा आहे असे धरल्यावर मागच्यांना 39 डॉलर हवे झाले आणि पुढचे 12 डॉलरच्या पलीकडे जाईनात. म्हणजे जागेची गरज कोणाला जास्त आहे, यापेक्षा ती आपलीच आहे असे कोणाला आधी सांगितले गेले, यावरच तिची किंमत ठरली. म्हणूनच ‘पैसे देऊन मिटवा’ हा अर्थशास्त्रज्ञांचा सल्ला विमानात फारसा चालत नाही.

निवृत्त केबिन क्रू

व्यवहारात काय चालते ते सांगते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सर्व सीट सरळ असाव्याच लागतात, कारण संकटात मागच्या रांगेला बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. विमानाला मान्यता देतानाच निम्म्या दारांतून 90 सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते, हे दाखवावे लागते. जेवणाच्या वेळी आम्ही सीट पुढे घ्यायला सांगतो आणि बहुतेक लोक ऐकतात. एरवी सीट मागे करणाऱ्याला आम्ही थांबवू शकत नाही. आपल्या प्रसंगात त्या सेविकेपुढेही दुसरा पर्याय नव्हता.

मात्र झटक्यात सीट मागे करणे हा असभ्यपणाच आहे. मागे वळून एकदा पाहावे, ट्रेवर गरम कॉफी किंवा लॅपटॉप असेल तर ‘मी सीट मागे घेतोय’ असे सांगावे, आणि बटण दाबून पाठीने हळूहळू रेलावे. रात्रीच्या लांब प्रवासात दिवे मंद झाले की सगळेच मागे होतात, तिथे तक्रारीला जागा नाही. दिवसाच्या छोट्या प्रवासात अर्धी सीट मागे करूनही भागते. मागच्याने गुडघ्याने सीट ढकलत राहू नये. त्याने पुढचा माणूस हमखास हट्टाला पेटतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट: सीटच्या पाठीचा सांधा खाली, बैठकीजवळ असतो. त्यामुळे मागे झालेली सीट गुडघ्यांपेक्षा चेहऱ्याकडे आणि पडद्याकडे जास्त येते. आपला लॅपटॉप अडकला, तो याचमुळे.

आडवातिडवा

सांगावे, हे मान्य. परवानगी मागावी का? 2020 मध्ये डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी, मागे उंच माणूस असेल तर आधी विचारावे, असे सुचवले होते. पण ‘नाही’ म्हटल्यावर पुढच्याने काय करायचे, हे त्यातून ठरत नाही.

कंबरपट्टा

अगदी हेच. मी सांगेन, थांबेन, अर्ध्यावर समाधानही मानेन. पण माझ्या कमरेचा निर्णय मागच्या रांगेत होणार असेल, तर ते मला मान्य नाही.

सहाफुटी

सर्वांचे आभार. कंबरपट्टा यांचे ‘अर्ध्यावर समाधान’ मला पुरेसे आहे. त्या गृहस्थांनी तेवढे केले असते, तरी मी इथे लिहिले नसते. केबिन क्रू यांना एकच विचारतो: संकटकालीन दाराजवळच्या दोन रांगा एकामागोमाग असतील, तर कोणती घ्यावी?

निवृत्त केबिन क्रू

मागची. पुढच्या रांगेची सीट मागे गेली तर तिच्यामागच्या संकटकालीन दाराची वाट अडते, म्हणून ती बहुधा रेलत नाही. मागच्या रांगेत पायांना जागा मिळते आणि पुढून कोणी अंगावर येत नाही. फक्त पायांशी बॅग ठेवता येणार नाही, आणि गरज पडल्यास दार उघडण्याची तयारी आहे का, असे आपल्याला विचारले जाईल.