व्हेनिस चित्रपट महोत्सव: 1932 ते 2025 म्हणजे 94 वर्षं, मग क्रमांक 82 च कसा?

पळसपान
आमच्या गावच्या वाचनालयात (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) पोळ्यानंतरच्या आठवड्यात व्हेनिस महोत्सवाच्या इतिहासावर फलक लावायचे आहेत. एका संध्याकाळी प्रभातचा 'संत तुकाराम'ही दाखवायचा आहे. फलकाचा मजकूर लिहिताना दोन गोष्टी अडल्या. महोत्सव 1932 ला सुरू झाला आणि 2025 चा 82 वा होता. मधले 12 कुठे गेले? दुसरं, 'संत तुकाराम'ला तिथे गोल्डन लायन, म्हणजे तिथलं सर्वांत मोठं बक्षीस, मिळाल्याचं गावात सगळेच सांगतात, ते लिहावं का? शिवाय वाचनालयात सिनेमा दाखवताना परवानगीचं आणि लाइटचं कसं करायचं, तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

रीळघर
पळसपान, ते 12 सगळे सापडतात. ते कसे गळाले हाच या महोत्सवाचा खरा इतिहास आहे, म्हणून त्यासाठी एक अख्खा फलक द्या.

सुरुवात 6 ऑगस्ट 1932 ला झाली, लिडो बेटावरच्या हॉटेल एक्सेलसिअरच्या गच्चीवर, उघड्यावर. पहिला चित्रपट रूबेन मामूलियनचा 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'. हा महोत्सव म्हणजे 1895 पासून चालत आलेल्या बिएनाले या कलाप्रदर्शनाचाच भाग. बिएनाले दर दोन वर्षांनी भरायची, त्यामुळे 1933 ला महोत्सव झालाच नाही. दरवर्षी भरायला लागला तो 1935 पासून. हा गेला एक.

1939 चा महोत्सव सातवा. पुढे 1940, 41 आणि 42 ला युद्धात इटली आणि तिच्या मित्रदेशांपुरते सोहळे झाले, तेही लिडोपासून दूर. ते नंतर मोजणीतून काढून टाकले. 1943 ते 45 काहीच झालं नाही. गळालेले झाले सात.

गळालेल्यांतला आठवा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 1946 ला महोत्सव पुन्हा भरला, पण 1947 चा क्रमांक आहे 8. म्हणजे 1946 ला स्वतःचा क्रमांकच नाही.

तिथून 1972 पर्यंत सरळ मोजा, 33 येतात. 1973, 1977 आणि 1978 ला महोत्सव नाही, म्हणून झाले अकरा. राहिली 1974, 75, 76 आणि 79 ही चार वर्षं. 1980 चा क्रमांक 37, म्हणजे या चार वर्षांना मिळून तीनच क्रमांक मिळाले. हा बारावा.

सत्तरच्या दशकात एवढी पडझड का झाली, तेही लिहा. 1968 ला विद्यार्थी आणि दिग्दर्शकांनी मोठा विरोध केला, कारण संस्थेची नियमावली अजून फॅसिस्ट काळातलीच होती. मग 1969 ते 1979 स्पर्धा बंद, बक्षिसं बंद. 1979 ला इटालियन दिग्दर्शक कार्लो लिझ्झानीने घडी बसवली आणि 1980 ला बक्षिसं परत आली.

वर्धाकाठ
गोल्डन लायन लिहू नका जी. 'संत तुकाराम' व्हेनिसला गेला 1937 ला आणि सिंहाचं बक्षीस सुरू झालं 1949 ला, तेही 'सेंट मार्कचा सिंह' या नावाने. 'सुवर्णसिंह' हे नाव 1954 पासूनचं. 1937 ला मोठं बक्षीस होतं मुसोलिनी चषक, एक इटालियन चित्रपटाला आणि एक परदेशी चित्रपटाला. त्या साली परदेशी चषक ज्युलियाँ द्युविव्हिएच्या फ्रेंच चित्रपटाला गेला. तुकारामाला मिळाला तो विशेष उल्लेख. दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांनी उभा केलेला मराठी तुकोबा त्या काळात तिथवर पोचला, हे फलकावर ठळक येऊ द्या. त्याला खोट्या बक्षिसाची गरज नाही.

भारतीय सुवर्णसिंह दोनच: 1957 ला सत्यजित राय यांचा 'अपराजितो' आणि 2001 ला मीरा नायर यांचा 'मान्सून वेडिंग'.

पळसपान
वर्धाकाठ, आभार. फलक शाळेतली पोरंही वाचणार, म्हणून मुसोलिनीचं नाव गाळावं असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे. गाळलं तर चालेल का?

रीळघर
नाही चालणार. ते गाळलं तर फ्रान्सचा कान चित्रपट महोत्सव काहून जन्मला ते सांगताच येत नाही. 1938 ला परदेशी चषक लेनी रीफेनश्टालच्या 'ऑलिंपिया'ला, हिटलरच्या राजवटीत बनलेल्या चित्रपटाला दिला. इटालियन चषक गेला 'लुचानो सेर्रा, पायलट'ला, ज्याच्या कामावर मुसोलिनीच्या मुलाची देखरेख होती. इंग्रज, फ्रेंच, अमेरिकन मंडळी चिडून बाहेर पडली आणि फ्रान्सने स्वतःचा महोत्सव ठरवला. त्याची तारीख 1 सप्टेंबर 1939 होती. त्याच दिवशी युद्ध सुरू झालं, म्हणून कान प्रत्यक्षात भरला 1946 ला. पोरांना हे समजतं, फक्त सालं एकाखाली एक लिहा. अभिनयाच्या व्होल्पी चषकाचं नावही त्याच काळातलं: काउंट जुझेप्पे व्होल्पी हे बिएनालेचे अध्यक्ष आणि मुसोलिनीचे माजी अर्थमंत्री.

कापूसबोंड
परवानगीचं सांगतो. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. 'संत तुकाराम' 1936 चा, तो कधीच मोकळा झाला. मात्र कोणी नव्याने केलेली सबटायटल्स वेगळी धरली जातात, ती उचलू नका. चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी 'द डिसायपल' दाखवायचा म्हटला तर तो नेटफ्लिक्सवर आहे, पण घरगुती खात्यावरून गावाला दाखवता येत नाही. हक्कदारांची लेखी परवानगी लागते.

आता लाइट. चित्रपट 131 मिनिटांचा. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर प्लेटा खराब होतात. राहिले 900. इन्व्हर्टरचा घाटा धरून हाती साधारण 730. प्रोजेक्टर 250 वॉट आणि स्पीकर 100 वॉट म्हटलं तर दोन तास पाच मिनिटं चालेल, म्हणजे शेवट हुकतो. प्रोजेक्टर इको मोडवर घ्या, 180 वॉटच्या आसपास येईल आणि अर्धा तास वाढेल. इन्व्हर्टर यूपीएस मोडवरच ठेवा. साध्या मोडवर लाइट गेल्यावर बॅटरीवर बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो, पंखा थांबतो आणि गरम दिव्याचं आयुष्य घटतं. बॅटरी आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करा, सिंगल फेजच्या भरवशावर राहू नका.

वर्धाकाठ
अजून एक फलक वाढवा, ताजा आणि आपल्या जवळचा. 2014 ला चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये ओरिझ्झोंती या नव्या वाटेच्या चित्रपटांच्या विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीस आणि पहिल्या चित्रपटासाठीचा 'भविष्याचा सिंह' अशी दोन्ही मिळाली. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारला नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते 2021 ला गेले. 2020 ला ताम्हाणे यांचा मराठी 'द डिसायपल' मुख्य स्पर्धेत होता, 'मान्सून वेडिंग'नंतर तिथे पोचलेला पहिला भारतीय चित्रपट, आणि त्याला पटकथेचं बक्षीस मिळालं. तो 77 वा महोत्सव होता. रीळघर यांच्या हिशेबाने ताळा करून पाहा, 1980 चे 37 आणि पुढची 40 वर्षं, बरोबर बसतं.