मदत हवी आहे: सासरचा कुळाचार आणि माझी पेगन साधना एकाच घरात कशी सांभाळावी?

नमस्कार.

यंदाच्या नवरात्रापासून घरचा कुळाचार माझ्याकडे सोपवावा, अशी माझ्या सासूबाईंची इच्छा आहे. गेली काही वर्षे मी आधुनिक पेगन, म्हणजे निसर्गपूजक मार्गाने, त्यातही मुख्यतः विक्का पद्धतीने साधना करते आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. घट बसवायला माझी ना नाही, उलट मनापासून इच्छाच आहे. पण घटासमोर बसताना माझ्या मनातली देवी आणि सासूबाईंच्या मनातली देवी वेगळी असेल, तर तो कुळाचार मी प्रामाणिकपणे केला असे म्हणता येईल का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. पेगन मार्गावरच्या लोकांनी तर उत्तर द्यावेच, परंतु ज्यांच्या घरात दोन वेगवेगळ्या श्रद्धा नांदतात अशा कोणीही आपला अनुभव सांगितल्यास मी ऋणी राहीन.

आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. घरात सासू-सासरे, माझे पती, मी आणि तिसरीत शिकणारी आमची मुलगी अशी पाच माणसे आहेत. कुळदैवत वणीची सप्तशृंगी. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी स्वतः घट बसवत आल्या आहेत. आता गुडघ्यांमुळे त्यांना पाटावर फार वेळ बसवत नाही.

ज्यांना या मार्गाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी विक्का उघडपणे लोकांसमोर मांडला. त्यातल्या अनेक विधींना डोरीन व्हॅलिएंटे यांनी शब्दरूप दिले. देवी आणि तिचा सहचर देव यांची उपासना, पौर्णिमेचे विधी आणि सूर्याच्या व शेतीच्या गतीला धरून वर्षभरात येणारे आठ सण, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. कोणालाही अपाय होऊ नये, हे त्यातले मुख्य नीतिसूत्र. मी कोणत्याही मंडळात नाही, एकटीच साधना करते आणि त्यासाठी मी धर्म सोडलेला नाही.

घरातला ताण मात्र तत्त्वज्ञानावरून नव्हे, एका दिव्यावरून सुरू झाला. गॅलरीलगतच्या खोलीत मी एक लहान पाट मांडला आहे. विक्काच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे पृथ्वी उत्तरेला, वायू पूर्वेला, अग्नी दक्षिणेला आणि जल पश्चिमेला मानतात. म्हणून पाटावर उत्तरेला गोदावरीच्या पात्रातला एक गुळगुळीत गोटा, पूर्वेला उदबत्ती, पश्चिमेला पाण्याचा तांब्याचा गडू आणि दक्षिणेला निरांजन असते, ज्याची वात बाहेरच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे वळलेली असते. सासूबाईंनी हे पाहिले आणि त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, दक्षिणेला ज्योत करून दिवा धनत्रयोदशीला यमासाठी लावतात. भरल्या घरात तो रोज कशाला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच ते वाक्य मला बाजूला सारता आले नाही.

त्यानंतर मी या दिशांचा बराच विचार केला. अग्नी दक्षिणेला मानण्यामागे ब्रिटनचा भूगोल आहे, कारण तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडेच असतो. ऑस्ट्रेलियातले अनेक पेगन याच कारणाने अग्नी उत्तरेला ठेवतात आणि आठही सण सहा महिन्यांनी सरकवून साजरे करतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच कललेला असतो, आणि अग्नी दक्षिणेलाच हवा हा आग्रह इथल्या आकाशालाही पुरता लागू पडत नाही. आपल्या वास्तुपरंपरेत तर आग्नेय ही दिशा अग्नीच्या नावानेच ओळखली जाते. निरांजन आग्नेयेला सरकवून ज्योत पूर्वेकडे केली, तर सासूबाईंच्या मनातली धास्ती जाईल आणि माझ्या साधनेतला अग्नीही त्याच्या जागी राहील, असे मला वाटते. तरीही पूर्ण वर्तुळाची, म्हणजे चारही दिशांच्या तत्त्वांची, मांडणी अशी बदललेल्या कोणी इथे असल्यास, बाकीची तीन तत्त्वेही त्यांनी हलवली की फक्त अग्नी हलवला, हे जाणून घ्यायला आवडेल.

सणांच्या बाबतीत मी आधीच इथल्या ऋतूंकडे वळले आहे. १ ऑगस्टचा लुनासा हा पहिल्या कापणीचा सण, पण त्या सुमारास आपल्या इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची आवणी नुकती उरकलेली असते. कापणीचा आनंद तेव्हा आणायचा कुठून? २१ जूनच्या सुमारास लंडनला साडेसोळा तासांहून मोठा दिवस असतो, आपल्याकडे तो जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि बहुधा ढगांनी झाकलेला. आपले वर्ष पावसावर वळते. ३१ ऑक्टोबरला साविनच्या रात्री पूर्वजांचे स्मरण करतात. आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला पान वाढले जाते, त्यात मी पूर्ण मनाने सहभागी होते आणि साविनला त्यांच्यासाठी केवळ एक दिवा लावते.

यामुळेच नवरात्राचा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत धान्य पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवून त्यावर विड्याची पाने आणि नारळ मांडायचा, रोज एक माळ चढवायची आणि नऊ दिवस नंदादीप विझू द्यायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीतून पिवळसर कोंब वर येतात, तेव्हा सासूबाई पाणी शिंपडता शिंपडता दाटी बघून यंदा पीकपाणी कसे होईल ते सांगतात, आणि दसऱ्याला तेच धान सासऱ्यांच्या टोपीत खोवले जाते. माती, बीज, पाणी आणि अग्नी यांची याहून सुंदर पूजा मी कुठेही पाहिलेली नाही.

अडचण पुढे आहे. विक्कात अनेक जण जगातल्या सगळ्या देवींना एकाच महादेवीची रूपे मानतात. गडावरच्या अठरा हातांच्या देवीकडे मी त्या नजरेने पाहिले, तर सासूबाईंच्या दृष्टीने तिचे नाव, तिचे गाव आणि आमच्या कुळाशी असलेले तिचे नातेच पुसले जाते. त्यांच्यासाठी ती वणीची आई आहे, जिच्या दर्शनाला त्या मुलाला कडेवर घेऊन पायऱ्या चढल्या होत्या. पेगन परंपरेतच दुसरा एक विचार असा आहे की प्रत्येक देवता स्वतंत्र आहे आणि तिचा मान तिच्या स्वतःच्या रीतीनेच राखला पाहिजे. अलीकडे मी या दुसऱ्या विचाराकडे झुकू लागले आहे, कारण सासूबाईंनी इतकी वर्षे सांभाळलेल्या नात्याला तोच न्याय देतो असे मला वाटते. पण घटस्थापनेच्या संकल्पात गोत्र आणि कुळ उच्चारताना मनात पूर्ण स्वीकार नसेल, तर तो उच्चार करावा की नाही, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मुलीविषयीही विचारायचे आहे. ती संध्याकाळी आजीजवळ बसून शुभंकरोती म्हणते आणि पौर्णिमेला माझ्याबरोबर गच्चीवर येऊन चंद्राला दूध-साखर दाखवते. तिला दोन्ही मनापासून आवडते. मध्यंतरी सोसायटीतल्या एका बाईंनी तिला "तुमच्या घरी काही करणी वगैरे चालते का" असे विचारले, तेव्हापासून माझ्या पतींचे म्हणणे आहे की आईच्या पूजेबद्दल बाहेर बोलू नकोस, असे तिला सांगावे. सासऱ्यांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची चिंता वाटते. त्यांना मी समजावले आहे की तो कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि लोकांची फसवणूक यांविरुद्ध आहे आणि कोणालाही शारीरिक किंवा आर्थिक इजा न करणारी उपासना त्यात येत नाही. ते त्यांना बव्हंशी पटलेही आहे. पतींचा हेतू मुलीला त्रास होऊ नये हाच आहे, हे मी जाणते. तरीही आठ वर्षांच्या मुलीवर गुपित सांभाळण्याचे ओझे टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण जे लपवायचे ते वाईट असते, असेच मुले समजतात. तिला मी कोणतीही दीक्षा देणार नाही. अनेक पेगन मंडळेही अठरा वर्षांच्या आत दीक्षा देत नाहीत आणि तो नियम मला मान्य आहे. कोणी विचारले तर तिला सहज देता येईल असे साधे, खरे आणि लहानसे उत्तर कोणते असावे, हे अशाच घरात मुले वाढवलेल्या आईवडिलांनी कृपया सुचवावे.

घटस्थापनेपूर्वी मला सासूबाईंशी सविस्तर बोलायचे आहे. निरांजन आग्नेयेला हलवण्याचे मी उद्याच करणार आहे. देवीविषयीचे माझे म्हणणे मात्र त्यांना जबाबदारी स्वीकारण्याआधी सांगावे, की पहिले नवरात्र त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्याच पद्धतीने पार पाडून मग सांगावे, याविषयी माझे मन ठरत नाही. आधी सांगितले तर त्या दुखावून गुडघ्यांचा त्रास सहन करत स्वतःच घट बसवतील, ही भीती आहे. सासू किंवा सून यांपैकी कोणत्याही बाजूने या प्रसंगातून गेलेल्या व्यक्तींनी, बोलण्याची सुरुवात कशी केली आणि समोरच्याने ते कसे घेतले, हे शक्य तितक्या तपशिलाने लिहावे ही विनंती.