मदत हवी आहे: रेडिएटरचे होज पाइप निघता निघत नाहीत (उद्या पहाटे निघायचंय)

बेलभंडारा | रविवार, सकाळी ११.४०
सकाळी आठपासून पार्किंगमध्ये बसलोय. नवीन रेडिएटर कालच आणून ठेवला. पाणी सोडलं, फॅनचं सॉकेट काढलं, बोल्ट काढले, क्लिपा सैल केल्या. पाइप मात्र जागचा हलत नाही. पिरगाळून झालं, ओढून झालं, बोटांची सालटी निघाली. डब्ल्यूडी-४० (अडकलेलं सोडवायचा तेलकट स्प्रे) मारून अर्धा तास थांबलो, तरी ढिम्म. पुढे काय करू? उद्या पहाटे पाचला गाडी रस्त्यावर हवी. 'मेकॅनिकला बोलवा' असं कृपया लिहू नका. आज रविवार आहे.

पाना नंबर बारा | ११.५२
गाडी कोणती? पाइप वरचा की खालचा? टोक रेडिएटरकडचं की इंजिनाकडचं? नवे पाइप आणलेत की हेच परत लावणार? यातलं एकही लिहिलेलं नाही. आणि क्लिपा नुसत्या सैल केल्यात की नळीवरून (पाइप जिच्यावर चढलाय ती) पूर्ण मागे सरकवल्यात?

दुपारचा चहा | ११.५८
डब्ल्यूडी-४० कशाला मारलंत हो? कूलंटच्या पाइपचं रबर बहुतेक ईपीडीएम असतं, तेलाशी त्याचं जमत नाही. फुगतं, मऊ पडतं. आता साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. चिकटलेल्या टोकावर कढत पाण्यात बुडवलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग पिरगाळा. हेअर ड्रायर असेल तर उत्तमच.

आजरेकर | दुपारी १२.०६
गोणी शिवायचा दाभण घ्या. टोक गॅसवर तापवून जरा वाकवा आणि घासून बोथट करा. पाइप आणि नळी यांच्या मधे घालून गोल फिरवत न्या, वरून साबणाचं पाणी सोडत राहा. पाइप 'पच्च' करून हवा सोडतो, तो आवाज आला की समजा सुटला. आमच्या जीपचे सगळे पाइप मी असेच काढतो. बाजारातली हत्यारं लागत नाहीत.

एडिसनकर | १२.११
इकडे अमेरिकेत याला हुक पिक म्हणतात, चार नगांचा सेट स्वस्तात मिळतो. पण त्याआधी एक महत्त्वाचं. ट्रान्समिशनच्या लाइनी बंद केल्यात का? ऑटोमॅटिक गाड्यांत ट्रान्समिशन फ्लुइड थंड करायच्या दोन नळ्या रेडिएटरच्या टाकीतूनच जातात. मी माझ्या कॅमरीचा रेडिएटर बदलताना विसरलो होतो, लाल तेलाने सगळा ड्राइव्हवे रंगला. बायको अजून ऐकवते.

बेलभंडारा | १२.२५
मारुती ८०० आहे, २००६ ची. मला वाटलं फोटो चढलाय, त्यात दिसेल. चढलेला दिसत नाही. ऑटोमॅटिकचा प्रश्नच नाही. क्लिपा पूर्ण मागे आहेत, मी एवढाही ढ नाही. दोन्ही पाइप अडकलेत. दाभण घरात नाही, स्वेटर विणायची सुई आहे.

कुंभारवाडा | १२.३१
२००६ ची गाडी? १५ वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग केलंत का? स्क्रॅपला देऊन नवीन घेतलीत तर सूटही मिळते. जुन्या गाडीत पैसे घालण्यात अर्थ नाही, आज रेडिएटर, उद्या हेड गॅस्केट.

बेलभंडारा | १२.३४
पासिंग २०२१ मध्ये केलंय. बाबांची गाडी आहे, विकायची नाही. विषय पाइपचा आहे.

पाना नंबर बारा | १२.४०
अजून अर्धीच उत्तरं आली. कुठलं टोक? नवे पाइप आहेत का?

बेलभंडारा | १२.४८
नवे पाइप नाहीत. रेडिएटरवाला म्हणाला जुने चालतील. आज नाना पेठ बंद, त्यामुळे हेच पाइप धड राहिले पाहिजेत. खालचा पाइप रेडिएटरच्या बाजूला अडकलाय. वरचा दोन्ही बाजूंना. इंजिनाकडे पाइपच्या कडेने लालसर पापुद्र्यासारखं काहीतरी आहे.

दुपारचा चहा | १२.५५
लाल पापुद्रा म्हणजे सिलिकॉन. मागच्या मेकॅनिकने गळती थांबवायला पाइपच्या आत सीलंट थापलंय. ते दाभणाने सुटणार नाही. पाइपला उभा छेद देऊन कणसाचं पान सोलतो तसा सोलून काढा. कटर हलक्या हाताने चालवा, खालच्या ॲल्युमिनियमवर ओरखडा गेला तर नवा पाइपही तिथूनच पाझरेल.

आजरेकर | १२.५९
अहो चहा, त्यांच्याकडे दुसरा पाइप नाही म्हणतायत आणि तुम्ही छेद द्यायला सांगताय. दाभणच बरा. सुईही चालेल, फक्त लोखंडी हवी.

दुपारचा चहा | दुपारी १.०२
२००६ चे पाइप असतील तर ते तसेही फेकायच्या लायकीचे. घाटात फुटला म्हणजे तुमचा दाभण कामाला येणार नाही.

पाना नंबर बारा | १.१५
दोघेही थांबा. बेलभंडारा, नीट वाचा.

पहिली गोष्ट, इंजिनाकडचं टोक काढायचंच कशाला? तुम्ही रेडिएटर बदलताय. वरचा पाइप थर्मोस्टॅटच्या टोपीवर बसलाय तसाच राहू द्या, आज त्याला हात लावू नका. ती टोपी तडकली तर रविवारी ती कुठून आणणार?

दुसरी गोष्ट, जुना रेडिएटर भंगारातच जाणार आहे ना? मग सगळे त्याची नळी वाचवायच्या मागे का लागलेत? त्याच्या टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या असतील तर हॅक्सॉचं नुसतं पातं घ्या, एका टोकाला चिंधी गुंडाळा आणि नळी टाकीच्या अगदी अंगालगत कापा. पाइपला पातं लागू देऊ नका. पाइप मोकळा होईल, त्याच्या तोंडात प्लॅस्टिकची बांगडी राहील. लांब चोचीच्या पक्कडीने ती आतल्या बाजूला दाबा. एवढी वर्षं तापून तापून ते प्लॅस्टिक शंकरपाळ्यासारखं कडकड मोडतं. तुकडे वेचून काढा, पाइपमधून पाणी सोडून धुवा, एकही तुकडा आत राहता कामा नये.

मग पाइपचं तोंड दोन बोटांत चिमटून बघा. बारीक भेगा दिसल्या आणि पाइपला लांबी शिल्लक असली तर बोटभर कापून टाका. टाकी पितळेची असेल तर हे सगळं विसरा आणि कढत पाण्याकडे वळा.

बेलभंडारा | १.२१
टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्याच आहेत. पण जुना परत दिला तर दुकानदार ३०० रुपये कमी करणार आहे. नळी कापली तर?

पाना नंबर बारा | १.२३
तो वजनावर घेतो हो. कापलेली नळी पिशवीत घालून सोबत द्या.

आजरेकर | १.३०
युक्ती चांगली आहे. मी दाभणच वापरला असता ही गोष्ट वेगळी.

कुंभारवाडा | १.४४
नव्या रेडिएटरमध्ये साधं पाणीच घाला. कूलंट म्हणजे दुकानदारांची चलाखी. पुण्यात काय बर्फ पडतो?

दुपारचा चहा | १.५१
बर्फासाठी नाही घालत. त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि तीच पाइपच्या खाली जाऊन पाइपला नळीशी जखडते. म्हणजे आजचा हा धागा तुमच्यासारख्यांच्या सल्ल्यातूनच निघालाय. कूलंट घट्ट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा, तयार मिळतं ते थेट ओता.

कुंभारवाडा | १.५५
माझी इंडिका दहा वर्षं पाण्यावर चालली.

दुपारचा चहा | १.५७
आणि आता कुठे आहे?

कुंभारवाडा | २.०५
विकली.

बेलभंडारा | संध्याकाळी ५.२०
निघाले. खालचा पाइप बाराभाऊंच्या युक्तीने, वीस मिनिटांत. वरच्याचं रेडिएटरकडचं टोक कढत पाण्याच्या फडक्याने सुटलं, इंजिनाकडचं तसंच ठेवलं. खालच्याचं तोंड थोडं चिरलेलं होतं, बोटभर कापलं.

एक गंमत. नवा रेडिएटर बसवला, पाइप चढवायला गेलो तर चढेना. परत शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, नव्या नळ्यांवर धूळ जाऊ नये म्हणून पांढऱ्या टोप्या बसवलेल्या होत्या, त्या काढल्याच नव्हत्या.

आता कूलंट भरलं, दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चाललाय आणि खालचा पाइप थंडगार. उद्या चिपळूण, कुंभार्ली घाटातून. जाऊ का?

पाना नंबर बारा | ५.२६
आधी गाडी बंद करा. आत हवा अडकली आहे. पूर्ण थंड होऊ द्या, किमान तासभर. गरम असताना झाकण उघडू नका. त्या झाकणाखाली दाब असतो, म्हणून पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की एकदम उकळून तोंडावर येतं.

थंड झाल्यावर झाकण काढा, हीटरची कळ पूर्ण गरमवर करा, तोंडापर्यंत भरा. मग झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू करा. वरचा पाइप हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल तसं भरत जा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि फॅन लागेपर्यंत चालू ठेवा. फॅन लागला आणि खालचा पाइपही गरम झाला तर जा, नाहीतर नका जाऊ.

दुपारचा चहा | ५.३१
जुनं कूलंट परातीत उघडं पडलं असेल तर आधी बाटलीत भरून झाकण लावा. चव गोडसर असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. पार्किंगच्या गटारात ओतू नका.

बेलभंडारा | रात्री ८.१०
दोनदा भरावं लागलं, जवळजवळ लिटरभर गेलं. फॅन लागतोय, बंद होतोय. खालचा पाइप हात लावता येणार नाही इतका गरम. काटा अर्ध्याच्या खाली. परात मुळात पोळ्यांची होती, त्यावरून घरात वेगळा धागा चालू आहे.

आजरेकर | ८.२२
पाच लिटर पाणी डिकीत ठेवाच. आणि परतल्यावर दोन्ही पाइप नवे घाला, चहा तेवढं बरोबर बोलले.

एडिसनकर | ८.४०
आत्ताच सकाळचा फेरफटका मारून आलो. ट्रान्समिशन फ्लुइडची पातळी तपासलीत ना?